युरोपातले रेडिओ-टीव्हीवाले समोर नक्की कोण बसलंय असं धरून बोलायचे? (तू, तुम्ही, आपण की 'बंधू-भगिनींनो')

रेडिओवेडा (धागालेखक)

मंडळी, हा धागा एका फुटकळ गोष्टीवरून निघालाय. भाची राहायला आलीय, वय वर्षं चार, दुपारी झोपायचं नाव नाही. मला जुनी रेडिओ रेकॉर्डिंगं उकरून काढायचा नाद आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये. तर बीबीसीवर 'लिसन विथ मदर' म्हणून कार्यक्रम होता, जानेवारी १९५० ला सुरू झालेला, दुपारी पावणेदोनला लागायचा, अजून शाळेत न जाणाऱ्या पोरांसाठी. त्यातली बाई गोष्टीआधी म्हणायची, 'आर यू सिटिंग कम्फर्टेबली? देन आय विल बिगिन.' इंग्लंडात हे वाक्य आता म्हणीसारखं वापरतात. म्हटलं भाचीला हेच मराठीत ऐकवू, आणि तिथंच गाडी अडली ना राव.

'नीट बसलीस का' म्हणावं तर समोर एकच मुलगी. 'बसलास का' म्हणावं तर एकच मुलगा. 'बसलात का रे' म्हणावं तर अख्खी अंगणवाडी. इंग्रजीत 'यू' म्हणून ती बाई सुटली, घरोघरी प्रत्येक पोराला वाटलं मलाच विचारतेय. मराठी बाईला तोंड उघडायच्या आत ठरवावं लागलं असतं की माईकच्या पलीकडे एक आहे का अनेक, मुलगा का मुलगी, आणि त्याला लाडानं बोलायचं का मानानं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माईकसमोर बसलेल्याला कोणीच दिसत नाही, मग तो मनातल्या मनात एक माणूस बसवतो आणि त्याच्याशी बोलतो. युरोपात शंभर वर्षांत ह्या खुर्चीवर कोण कोण बसवलं गेलं ते बघायला मजा आहे. मी बीबीसीपासून सुरुवात करतो, बाकीच्यांनी भर घाला.

बीबीसी १९२२ ला कंपनी म्हणून निघाली, १९२७ ला कॉर्पोरेशन झाली, दोन्ही वेळा कारभारी एकच, जॉन रीथ. स्कॉटिश पाद्र्याचा मुलगा, उंची सहा फूट सहा इंच, म्हणजे तसाही सगळ्यांकडे वरूनच बघणार. ह्याच्या मनातला श्रोता म्हणजे बुद्धी आहे पण वळण लावायचं राहिलंय असा विद्यार्थी. त्याला काय आवडतं ते विचारायचं नाही, कारण आपल्याला काय हवंय हेच लोकांना धड माहीत नसतं आणि काय गरजेचं आहे ते तर त्याहून कमी लोकांना, असं साहेबांनी १९२४ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. संध्याकाळी माईकवर बोलणारे निवेदक डिनर जॅकेट घालून बसायचे. रेडिओवर! दिसतंय कोणाला? पण त्यांच्या लेखी ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाहुणे म्हणून चालले होते, आणि तिथं गबाळ्यासारखं कसं जाणार.

१९३० च्या वार्षिकात तर रेडिओ कसा ऐकावा ह्याच्या सूचना छापल्यात. नाटकाला बसता तसं लक्ष देऊन ऐका, ऐकताना पत्ते कुटू नका, वाचू नका, जमलं तर दिवे घालवून बघा म्हणजे डोळे इकडंतिकडं भटकणार नाहीत. दोन कार्यक्रमांच्या मध्ये मुद्दाम थोडी शांतता सोडायचे, म्हणजे कोणी नुसता चालू ठेवून स्वैपाक करत बसू नये. आणि सगळ्यावर कडी म्हणजे १८ एप्रिल १९३०, गुड फ्रायडे. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली, निवेदक म्हणाला आज बातम्या नाहीत, आणि पियानो लावला. तुमचा वेळ घेण्यासारखं काही घडलं नाही, संपलं. आजच्या ब्रेकिंग न्यूजवाल्यांना हे सांगितलं तर चक्कर येईल.

भडंग_प्रेमी

नीट बसलोय. चालू करा.

तिरकस_तात्या

रीथ म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर, फरक एवढाच की हेडमास्तरांचा तास बुडवला तर छडी मिळायची, रीथचा बुडवला तर गाणी.

कारण लोकांनी बुडवलाच की. रविवारी बीबीसीवर सकाळभर सामसूम, नंतर प्रवचनं आणि भारदस्त संगीत. लोकांनी सरळ खुंटी पिळली आणि समुद्रापलीकडची रेडिओ नॉर्मंडी नाहीतर रेडिओ लक्झेंबर्ग लावली. लक्झेंबर्ग १९३३ ला आलं, सगळा मामला जाहिरातींचा, ओव्हल्टीनवाल्यांनी तर 'ओव्हल्टिनीज' म्हणून पोरांचा क्लबच काढला. बीबीसीला दिसत होता विद्यार्थी, लक्झेंबर्गला दिसत होतं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईकाशी दुकानदार किती गोड बोलतो हे पुणं सोडून सगळीकडं माहितीये.

आपल्याकडं हाच सिनेमा वीस वर्षांनी लागला. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटवली, आणि पब्लिक उठून रेडिओ सिलोनला गेलं. तिथं 'बहनों और भाइयों' म्हणून अमीन सायानी वाट बघतच होते.

अबोली

तात्या, पुण्यावर घसरल्याशिवाय तुमचा प्रतिसाद पुरा होत नाही.

धागा छान. पण सगळं रीथच्या खात्यावर नका टाकू हो, त्याच इमारतीत हिल्डा मॅथेसन नावाची बाई होती, १९२७ पासून टॉक्स डिपार्टमेंटची पहिली डायरेक्टर. सुरुवातीचे वक्ते म्हणजे प्रोफेसर, बिशप, खासदार, हे लोक माईकसमोर उभं राहून सभेत बोलतात तसं ओरडायचे नाहीतर निबंध वाचून दाखवायचे. तिनं ओळखलं की पलीकडे सभा नाहीच. एखादा म्हातारा शेकोटीजवळ बसलाय, नाहीतर एखादी बाई मोजे रफू करतेय, आणि हा गडी तिच्या कानात 'सभ्य स्त्रीपुरुषहो' म्हणून गरजतोय. मग ती भाषणं आधी मागवून घ्यायची, वक्त्यांकडून तालमी करून घ्यायची, लिहिलेलं असूनही बोलल्यासारखं कसं वाटेल ते त्यांच्या गळी उतरवायची. आज आपल्याला रेडिओचा आवाज जवळचा वाटतो ना, तो असा घोटून घोटून बनवलाय, आपोआप नाही झालेला.

रीथशी तिचं पटलं नाही आणि ती १९३१-३२ च्या सुमारास बाहेर पडली. आणि आपल्याशी संबंध सांगायचा तर तिच्या हाताखाली काम केलेला लायनेल फील्डन १९३५ ला इकडं आला आणि ऑल इंडिया रेडिओ त्यानं उभा केला.

प्रश्नचिन्ह

एक बाळबोध शंका. हे सगळे मनातच माणूस बसवत होते तर कोणी जाऊन लोकांना विचारलं का नाही? लायसन फी भरत होते म्हणजे पत्ते तर होतेच की.

रेडिओवेडा

विचारलं, पण फार उशिरा आणि नाक मुरडत. बीबीसीनं श्रोता संशोधन विभाग काढला १९३६ ला, म्हणजे चौदा वर्षं नुसत्या अंदाजावर आणि आलेल्या पत्रांवर गाडा चालला. आणि पत्रं कोण लिहितं? ज्याला वेळ आहे आणि तक्रार आहे तो. रॉबर्ट सिल्व्ही नावाच्या माणसाला जाहिरातवाल्यांकडून आणलं. रीथच्या गोटात भीती ही की एकदा आकडे आले की आकडेच राज्य करणार. (आजचं टीआरपी बघता म्हातारा अगदीच चुकला नव्हता असं माझं मत, फोडा आता मला.) डिसेंबर १९३९ पासून मात्र रोजची पाहणी सुरू झाली, काल काय ऐकलंत म्हणून माणसं जाऊन विचारायला लागली.

पण ह्याच्याही आधी व्हिएन्नात एका पोरगेल्या संशोधकानं हे करून दाखवलं होतं. पॉल लाझार्सफेल्ड. १९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या रेडिओ कंपनीसाठी त्यानं पाहणी केली, तब्बल एक लाख दहा हजार लोकांची आवडनिवड गोळा केली, तीही वय, धंदा, बाई-पुरुष, शहर-खेडं अशी फोड करून. आणि ती फोड केली की 'आमचा श्रोता' नावाचा एकटा माणूस गायबच होतो. त्याच्या जागी मजूर दिसतो, विधवा दिसते, कॉलेजची पोरं दिसतात, आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवंय. लाझार्सफेल्डचं नाव लक्षात ठेवा, खाली कोणी पुण्याचा विषय काढला तर लागेल.

बर्लिनकर_जुना

जर्मनीबद्दल मी लिहितो, इथं बावीस वर्षं काढलीत.

इथला रेडिओ सुरू झाला २९ ऑक्टोबर १९२३ ला, बर्लिनच्या फॉक्स हाउसमधून, आणि पहिला शब्द काय तर 'आख्टुंग, आख्टुंग!' म्हणजे सावधान, लक्ष द्या. अजून नाझी यायला दहा वर्षं होती, तरी सुरुवात स्टेशनावरच्या घोषणेसारखीच. पुढं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स आला. त्याच्याबद्दल लोकांचा समज की तो दिवसभर भाषणं लावायचा. नाही हो. मार्च १९३३ मध्ये रेडिओच्या लोकांना बोलावून त्यानं सांगितलं काय, तर काहीही करा पण कंटाळवाणं होऊ देऊ नका. रीथला जे कळायला लक्झेंबर्ग लागलं ते ह्या माणसाला पहिल्या महिन्यात कळलं होतं, हीच त्यातली भीतीची गोष्ट.

मग स्वस्त रेडिओ काढला, फोल्क्सएम्फेंगर, ७६ मार्कांना. मॉडेलचं नाव व्हीई ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला सत्तेवर आला, ३०-१. १९३८ ला त्याहून छोटा ३५ मार्कांचा आला, त्याला लोक गुपचूप 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे. घराघरात रेडिओ गेला पण त्यांना घरात एकेकटा ऐकणारा माणूस नकोच होता, त्यांना घोळका हवा होता. १० नोव्हेंबर १९३३ ला हिटलर सीमेन्सच्या कारखान्यात बोलला तेव्हा देशभर भोंगे वाजले, मशिनी थांबल्या, कामगारांनी उभ्यानं ऐकलं. मोहल्ल्यामोहल्ल्यात पक्षाचा रेडिओ वॉर्डन असायचा, लाउडस्पीकर लावायचा आणि लोक जमवायचा.

आता धाग्याच्या तू-तुम्हीबद्दल. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, 'दू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे आपण. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं त्याच दिवशी परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरलं, आणि रेडिओच्या बटणाला अडकवायला एक छोटं भोक पाडलेलं कार्ड आलं. इथल्या एका म्युझियममध्ये बघितलंय, बोटाएवढं. त्यावर सुरुवातच 'डेंके दारान', म्हणजे 'लक्षात ठेव'. ठेवा नाही, ठेव! पुढं लिहिलंय परदेशी केंद्र ऐकणं हा आपल्या लोकांच्या सुरक्षेविरुद्ध गुन्हा आहे, सक्तमजुरी होईल. दुकानदार, पोस्टमन, सरकारी बाबू सगळे ज्याला 'झी' म्हणतात त्या पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्याच घरात रेडिओचं बटण अरेतुरे करतंय. मी बराच वेळ तिथं उभा होतो.

घाटावरची

बाप रे. बटणावर कार्ड. पण मी ऐकलंय की त्या रेडिओवर दुसरं स्टेशन लागायचंच नाही, तशीच रचना केलेली, मग कार्ड कशाला?

बर्लिनकर_जुना

ती अर्धवट दंतकथा आहे. शॉर्टवेव्ह नव्हती, सेट कमजोर होता, तबकडीवर परकी नावं नव्हती, हे खरं. पण रात्र पडली आणि एरियल बरी लावली की लंडन यायचं. येत होतं म्हणून तर कार्ड.

आणि लंडनवाले काय बोलत होते तेही ऐका. 'डॉइच ह्योरर!' म्हणजे 'जर्मन श्रोतेहो!' अशी हाक मारून थोमास मान, देश सोडून गेलेला जर्मन लेखक, बोलायचा, ऑक्टोबर १९४० पासून. आधी त्याचा मजकूर दुसरा कोणी वाचायचा, पुढं लॉस एंजेलिसला त्याच्या आवाजात तबकडी कापायचे, ती न्यूयॉर्कला जायची, तिथून फोनच्या तारेवरून लंडनला, तिथं परत तबकडी, आणि मग हवेत. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर पलीकडच्याला ओळखीचा आवाज ऐकू यावा म्हणून. पण मला मानपेक्षा फ्राउ वेर्निके भारी वाटते. बीबीसी जर्मनवर ही एक काल्पनिक बर्लिनची गृहिणी, अस्सल इथल्या बोलीत, शेजारणीशी कुचुकुचु, रेशनबद्दल कुरकुर, सरकारचं कौतुक करता करता सरकारची पार लक्तरं काढायची. 'जर्मन जनतेला' वगैरे नाहीच. म्हातारी बोलतेय आणि आपण भिंतीला कान लावलाय.

तिरकस_तात्या

म्हणजे आपल्या आकाशवाणीवरच्या टेकाडे भावजींची बर्लिनची बहीण म्हणा की.

स्वल्पविराम

लंडनचा विषय निघालाच आहे तर फ्रेंच सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्यक्रमाचं नावच होतं 'ले फ्रांसे पार्ल ओ फ्रांसे', फ्रेंच लोक फ्रेंच लोकांशी बोलताहेत. इंग्रजांनी स्वतःला त्यातून शहाणपणानं बाजूला ठेवलं. पॅरिस रेडिओ जर्मनांच्या ताब्यात, तर 'ला कुकाराचा'च्या चालीवर 'रेडिओ पॅरिस खोटं बोलतं, रेडिओ पॅरिस जर्मन आहे' असं लहान पोरांच्या गाण्यासारखं म्हणायचे, डोक्यात बसलं की निघत नाही.

पण सगळ्यात गंमत व्यक्तिगत निरोपांची. 'जाँला लांब मिशा आहेत.' बस, एवढंच वाक्य, दोनदा, गंभीर आवाजात. लाखो लोक ऐकताहेत आणि अर्थ कळणारे फक्त भूमिगत टोळीतले चार गडी, त्यांना पूल उडवायचाय का विमानातून माल उतरवून घ्यायचाय ते ठरलेलं. इतर सगळ्यांना काही कळत नाही पण तरी ऐकतात, कारण कोणालातरी काहीतरी सांगितलं जातंय एवढं तर कळतंय ना, आणि तेवढ्यावर त्या काळात माणूस रात्र काढू शकत होता. रेडिओवेडा म्हणतात की माईकवाला मनात एक माणूस बसवतो, तर इथं खरोखरचा एकच माणूस होता आणि बाकी देश त्याच्या मागं उभा राहून ऐकत होता.

रेडिओवेडा

स्वल्पविराम, दंडवत. हा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

ट्यूलिप_आणि_तुळस

नेदरलँड्समधून हजेरी. तुम्ही सगळे एक देश एक रेडिओ धरून चाललाय, आमच्या इथं प्रकारच वेगळा होता. कॅथलिकांचं केआरओ, प्रोटेस्टंटांचं एनसीआरव्ही, समाजवादी कामगारांचं वारा, उदारमतवादी प्रोटेस्टंटांचं व्हीपीआरओ, आणि आम्ही सगळ्यांचे म्हणणारं आवरो. सगळं १९२० च्या दशकातलं. ट्रान्समीटर तेच, हिल्व्हर्समचे, वेळ वाटून घेतलेली, पुढच्या कायद्यात तर ज्याचे सभासद जास्त त्याला वेळ जास्त. आपल्याकडे गल्लीत पाच गणपती मंडळं आणि मांडव एकच, तसं. प्रत्येक जण फक्त 'आपल्या' माणसांशी बोलायचा. १९५४ मध्ये तर बिशप लोकांनी पत्रक काढून कॅथलिकांना 'वारा' नेमानं ऐकायला मनाई केली!

माझी शेजारीण ऐंशीच्या पुढची, कॅथलिक घरातली. मी विचारलं तुम्ही ऐकायचात का? म्हणाली, वडील घरात असताना नाही, आई इस्त्री करताना हो, तिथं गाणी चांगली लागायची. बिशपच्या डोक्यातली कॅथलिक बाई आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असलेली कॅथलिक बाई, दोघींची गाठ कधी पडलीच नसावी.

वोल्गाकाठी

रशियाचं राहिलं. तिथं बहुतेक घरांत रेडिओ म्हणजे रेडिओ नव्हताच, भिंतीतल्या तारेला जोडलेला नुसता भोंगा. काळ्या कागदाचा, ताटासारखा गोल, म्हणून नावच 'तारेल्का', ताटली. बटण एकच, आवाज कमीजास्त करायचं. स्टेशन बदलायचा प्रश्नच नाही, वायरीतून येईल ते ऐका. जून १९४१ ला जर्मन घुसले तसे लोकांकडचे खरे रेडिओही जमा करून घेतले.

त्या ताटलीतून ३ जुलै १९४१ ला स्टालिन बोलला. नेहमी 'कॉम्रेड्स' म्हणणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला 'कॉम्रेड्स, नागरिकहो, भावांनो आणि बहिणींनो... माझ्या मित्रांनो'. भावांनो-बहिणींनो ही चर्चमधली हाक, आणि हा गडी तरुणपणी पाद्री व्हायच्या शाळेत होताच. दहाबारा वर्षं ज्यांना शेतावरून, घरातून, देवळातून हाकललं ते एका वाक्यात भाऊबहीण झाले. मध्ये पाणी प्यायल्याचा आवाज ऐकू आला म्हणतात, आणि लोकांना भाषणापेक्षा तो ग्लासच जास्त आठवतो.

लेनिनग्राडच्या वेढ्यात तर कार्यक्रम नसेल तेव्हा मेट्रोनोमची टिकटिक लावून ठेवायचे. संथ म्हणजे आकाश मोकळं, वेगानं म्हणजे विमानं येताहेत. तिथं तू-तुम्ही कसलं आणि काय, नुसती नाडी. चालू आहे म्हणजे आपण जिवंत आहोत.

भडंग_प्रेमी

शेवटच्या ओळीला काटा आला.

विषय थोडा हलका करतो. कोणत्या भाषेत बोलायचं ह्याचं काय? म्हणजे 'प्रमाण' बोलणारा निवेदक ठेवला की आमच्यासारख्या 'आलतो-गेलतो' वाल्यांना आपण पाहुणे वाटतो.

अबोली

त्याची पण गोष्ट आहे. १९४० पर्यंत बीबीसीचे वृत्तनिवेदक नावच सांगत नसत, आवाज संस्थेचा, माणसाचा नाही. १९४० ला नावं सांगायला लागले, कारण जर्मन उतरले आणि स्टुडिओ बळकावून खोट्या बातम्या द्यायला लागले तर लोकांना आवाज ओळखता यावेत. ('अमुक अमुक आपल्याला बातम्या देत आहे' ह्या आपल्या ओळखीच्या वाक्यामागं असली काही भीती असेल असं लहानपणी वाटलं नव्हतं.) मग १९४१ ला विल्फ्रेड पिकल्स आणला, यॉर्कशरचा, गावाकडच्या हेलात बातम्या वाचणारा. उत्तरेकडच्यांना खास त्यांच्या बोलीत 'गुड नीट' (गुड नाइट) म्हणून निरोप द्यायचा. आणि झालं काय, तर तक्रारींची पत्रं! ह्या बोलीत बातमी खरी वाटत नाही म्हणे. रीथनं पंधरा-सोळा वर्षं डिनर जॅकेट घालून जे शिकवलं ते लोक बरोबर शिकले होते.

भडंग_प्रेमी

म्हणजे सांगलीच्या माणसानं बातम्या दिल्या तर सांगलीचाच माणूस म्हणणार 'हे काय खरं नसतंय'. पटलं.

घाटावरची

मला ह्या सगळ्यात इटलीचे मास्तर आवडतात, आल्बेर्तो मांत्सी. १९६० ते ६८, सरकारी टीव्हीवर, कार्यक्रमाचं नाव 'अजून उशीर झालेला नाही' अशा अर्थाचं. निरक्षर मोठ्या माणसांना टीव्हीवरून लिहायला-वाचायला शिकवायचे. घरी टीव्ही नसलेल्यांसाठी गावोगावी केंद्रं काढलेली, तिथं दिवसभर राबून आलेली माणसं संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन बसायची. मास्तर मोठ्या कागदावर कोळशानं भराभर चित्र काढायचे, पुढची रेघ कुठं जातेय ते बघायला माणूस थांबतोच, चित्र पुरं झालं की त्याचं अक्षर. दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यातून प्राथमिकचा दाखला मिळवला.

आता हाही 'वरून शिकवणारा'च ना? रीथसारखाच. पण साठीच्या शेतकऱ्याला तो पोर समजत नव्हता. माझ्या आजीला प्रौढ शिक्षणाच्या वर्गात एका बाईंनी 'बाळांनो पुस्तकं उघडा' म्हटलं होतं, आजी परत गेलीच नाही. शिकवणं वाईट नसतं हो, 'बाळांनो' वाईट असतं.

बर्लिनकर_जुना

घाटावरची +१०००.

जाता जाता पूर्व जर्मनीचं एक. सरकारच्या लेखी आपली जनता पश्चिमेचा टीव्ही बघतच नाही. १९६१ ला तर तरुण पोरांच्या टोळ्या लोकांच्या छपरावरच्या पश्चिमेकडं तोंड केलेल्या अँटेना खाली पाडत फिरल्या. आणि त्याच सरकारच्या चॅनेलवर १९६० पासून १९८९ पर्यंत दर सोमवारी 'डेअर श्वार्त्से कानाल', त्यात पश्चिमेच्या टीव्हीचे तुकडे दाखवून ते कसे खोटे हे सांगायचे. म्हणजे जे कोणी बघत नाही त्याचा प्रतिवाद दर आठवड्याला! ड्रेस्डेनच्या बाजूला खरंच पश्चिमेचा टीव्ही पोचत नव्हता, त्या भागाला बाकीचे 'अजाणांची दरी' म्हणायचे. तिथल्या माणसाला तो कार्यक्रम बघून पश्चिमेत काय चाललंय ते कळत असणार.

प्रश्नचिन्ह

सगळं युरोप झालं. मराठी माणूस ह्या खुर्चीवर कोणी बसवला होता का कधी?

स्वल्पविराम

बसवला होता, आणि बसवणारा कोण तर जॉर्ज ऑर्वेल! १९४१ ते ४३ तो बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होता. मराठीतलं प्रसारण १९४२ ला सुरू झालं, ऑर्वेल इंग्रजीत बातमीपत्र लिहायचा, त्याचं मराठी व्हायचं. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तिथं त्याच्या सहकारी, मराठी बातमीपत्रं त्यांनी वाचलीत. विचार करा, बॉम्ब पडणाऱ्या लंडनमध्ये नऊवारीच्या मुलखातली बाई, समोर सेन्सॉरचा माणूस बटणावर बोट ठेवून, लिहिलेल्यापेक्षा वेगळं काही बोललात तर आवाज बंद.

आणि ऐकणार कोण? शॉर्टवेव्ह सेट असलेली मोजकी घरं, त्यात इंग्रजांवर राग, त्यात '४२ चं साल. ऑर्वेललाही हे पक्कं माहीत होतं, त्यानं लिहिलंय की आमचा श्रोता थोडका आणि वैरी, उघड प्रचार त्याच्या गळी उतरणारच नाही. म्हणून त्यानं कॉलेजच्या पोरांसाठी कवितावाचन सुरू केलं. त्यावरच्या निबंधात तो म्हणतो की रेडिओचा श्रोता हा अंदाजानं धरलेला असतो, पण धरलेला असतो तो एकटाच, लाखो ऐकत असले तरी. मॅथेसनबाईंचंच म्हणणं, फक्त ह्याच्या बाबतीत ते लाखो पण नव्हते. सप्टेंबर १९४३ ला राजीनामा दिला त्यात सरळ लिहिलं की माझा वेळ आणि लोकांचा पैसा वाया चाललाय. मराठी प्रसारण मात्र मधला थोडा खंड सोडला तर १९५८ पर्यंत चाललं, मग थेट २०१७ ला परत आलं.

रेडिओवेडा

आणि आता तो पुण्याचा मुद्दा, कोणी काढला नाही तर मीच काढतो.

ऐकणाऱ्यांचे गट करायचे, त्यांनी ऐकून झाल्यावर चर्चा करायची, ही कल्पना इंग्लंडात १९२० च्या दशकाच्या शेवटी निघाली, कॅनडात शेतकऱ्यांसाठी तिचं मोठं काम झालं, आणि १९५६ ला युनेस्को आणि आकाशवाणीनं ती आणली ती थेट पुणे केंद्रावर. मराठी भाषक पाच जिल्हे, १५० गावं, वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोन. गावातली पंधरावीस माणसं रेडिओभोवती बसणार, ऐकणार, मग आपसात बोलणार, एक जण ते लिहून पुण्याला पाठवणार, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांच्या प्रश्नाला उत्तर येणार. उत्तर येणार! वरच्या सगळ्या यादीत, गोबेल्सपासून बिशपपर्यंत, खुर्चीवरचा माणूस कधी उलट बोलला का?

आणि हे फळलं का नाही ते तपासायला मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या टीमबरोबर कोण होतं माहितीये? पॉल न्यूराथ. मूळचा व्हिएन्नाचा, लाझार्सफेल्डच्या मुशीतला, १९३८ ला नाझींनी आधी दाखाउ आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलेला, सुटून अमेरिकेत प्रोफेसर झालेला. ज्याला भोंग्यापुढं उभ्यानं ऐकायला लावणारं राज्य अंगावर भोगायला लागलं तो माणूस आमच्याकडच्या गावांत जाऊन मोजत होता की रेडिओभोवती बसलेले शेतकरी एकमेकांशी किती बोलले. गट असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली, तिन्हींची तुलना केली, आणि गटवाल्या गावांतली माहिती बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेली निघाली.

मावशी_पुण्याची

माझे वडील तेव्हा नगरकडच्या एका गावात शिक्षक होते, असला गट तिथं होता असं सांगायचे. चावडीत रेडिओ, वर झाकायला आईनं विणलेलं कापड. कार्यक्रम संपला की पहिली पाच मिनिटं कोणीच बोलायचं नाही म्हणे, कारण रेडिओतल्या माणसाचं बोलून झाल्यावर आपण बोलायचं असतं हेच कोणाला खरं वाटायचं नाही. मग एक म्हातारे उठून रेडिओलाच 'तुमचं बराबर हाये पर...' म्हणून सुरुवात करायचे.

रेडिओवेडा

मावशी, 'तुमचं बराबर हाये पर' हे मी आता प्रोफाइलला लावतो.

भाचीचं राहिलंच. काल शेवटी तोडगा काढला, 'बसलो का आपण नीट?' असं म्हटलं. म्हणाली, मी बसलेय, तू उभा आहेस.

तिरकस_तात्या

पोरगी बीबीसीत जाणार. रेकॉर्डिंग कुठं मिळालं ते व्यनि (खासगी निरोप) कर.